राणीच्या बागेशेजारचे डॉक्टर

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीच्या मंडळींनी सांगितलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की आरोग्याच्या चार टिपा द्याव्यात. पण मीठ कमी खा, पावसाळ्यात पाणी उकळून प्या, साखर तपासून घ्या, हे मी तुम्हाला दवाखान्यात इतक्या वेळा सांगितलं आहे की तेच पुन्हा छापून कागद वाया घालवायला नको. लालबागला दवाखाना टाकून मला चाळीसहून जास्त वर्षं झाली. आपल्यापैकी निम्म्या मंडळींच्या घशात मी बॅटरी मारून डोकावलेलो आहे.

गेली काही वर्षं मात्र एक वेगळीच तक्रार कानावर येते. तक्रार करणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले, म्हणजे माझ्या वयाला मुलंच. नोकरी पक्की आहे, पगार वेळेवर होतो, घराचे हप्ते फिटत आले आहेत, ऑफिसात मान आहे. पण सकाळी घरातून पाय निघत नाही. झोप नीट लागत नाही म्हणून येतात, तपासलं तर सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग हळूच विचारतात, काका, हेच करत राहायचं का आता रिटायर होईपर्यंत?

या दुखण्यावर माझ्याकडे गोळी नाही. एका डॉक्टरांची गोष्ट आहे, ती सांगतो. डॉक्टरांचं नाव आपण सगळ्यांनी वाचलेलं आहे. मुलांना घेऊन राणीच्या बागेत गेलो की शेजारी ती सुंदर जुनी इमारत दिसते, आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. माटुंग्याला भाऊ दाजी रोडही आहे. नाव पाठ आहे, पण हा माणूस कोण होता असं विचारलं तर आपण गप्प बसतो. बरीच वर्षं मीही गप्पच बसत होतो.

बुद्धिबळ खेळणारा मुलगा

भाऊंचं खरं नाव रामकृष्ण विठ्ठल लाड. घरात भाऊ म्हणत, वडिलांना दाजी म्हणत, म्हणून भाऊ दाजी. जन्म गोव्यातल्या पेडणे भागातला, १८२० नंतरच्या पाचेक वर्षांतला. घरची गरिबी. कोकणातून आणि गोव्यातून आपल्या आजोबा-पणजोबांनी जशी मुंबईची वाट धरली तशीच या कुटुंबाने धरली. फरक इतकाच की तेव्हा गिरण्या नव्हत्या. मुंबईतली पहिली कापडगिरणी सुरू झाली ती १८५० नंतर. त्याआधीच्या मुंबईत गरीब घरातल्या हुशार मुलाला वर यायला एकच शिडी होती, इंग्रजी शाळा.

मुलगा बुद्धिबळात तरबेज होता. त्याचा खेळ एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेत भरला आणि त्याने वडिलांना या मुलाला इंग्रजी शिकवण्याचा आग्रह केला, असं त्यांच्या चरित्रात सांगतात. भाऊ एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये गेले आणि तिथेच पुढे शिक्षक झाले. काठियावाड-कच्छ भागात जन्मलेल्या मुलींना मारून टाकण्याची जी दुष्ट चाल होती, तिच्यावर त्यांनी निबंध लिहिला आणि त्याला बक्षीस मिळालं. वय विशीतलं. लग्न झालेलं. एल्फिन्स्टनमधली शिक्षकाची नोकरी म्हणजे त्या काळात सोन्याचा घास. तिथे निवांत बसले असते तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती.

१८४५ साली भायखळ्याला ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं, जे. जे. हॉस्पिटलच्या आवारात. मढ्याची चिरफाड करून शिकायची ही विद्या. आपल्या समाजात तेव्हा प्रेताला हात लावणं म्हणजे केवढी गोष्ट! भाऊंनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि पुन्हा विद्यार्थी होऊन बाकावर बसले. १८५१ मध्ये या कॉलेजातून पहिली तुकडी बाहेर पडली ती अवघ्या आठ जणांची. त्यांत भाऊ दाजी होते आणि पुढे प्रार्थना समाजाचे संस्थापक म्हणून ओळखले गेलेले डॉ. आत्माराम पांडुरंगही होते.

इथे एक सांगून ठेवतो. ही गोष्ट वाचून कुणी उद्या राजीनामा टाकायला नको. भाऊंनी धंदा एकदाच बदलला, तरुणपणी. त्यानंतर मरेपर्यंत ते डॉक्टरच राहिले. आपल्या तक्रारीचं उत्तर आहे ते या दुसऱ्या भागात.

दवाखाना जोरात चालला

डॉक्टर म्हणून भाऊ फार लवकर नावारूपाला आले. श्रीमंत पारशी, भाटिया, गुजराती कुटुंबांत त्यांना बोलावणी यायची आणि थोड्याच वर्षांत त्यांनी चांगला पैसा मिळवला. धाकटे बंधू नारायण दाजी हेही डॉक्टर झाले, शिवाय ते हौशी छायाचित्रकार होते. दोघा भावांनी मिळून गरिबांसाठी मोफत दवाखानाही चालवला.

तेव्हाची डॉक्टरकी कशी होती याची कल्पना करा. खिशात मावेल असा थर्मामीटर अजून निघाला नव्हता, तो आला १८६०च्या दशकात. क्लोरोफॉर्म नुकताच आलेला, १८४७ मध्ये. जंतूंमुळे रोग होतात हे अजून कुणी मान्य केलेलं नव्हतं. मुंबईला विहार तलावाचं पाणी मिळालं ते १८६० मध्ये, तोपर्यंत विहिरी आणि तळी, आणि त्यामुळे पटकीच्या साथी. अशा शहरात डॉक्टरकडे नाडी, नजर आणि थोडीशी औषधं एवढीच हत्यारं होती. रोज डझनांनी रोगी येणार, त्यातल्या कितीकांना आपण काही करू शकत नाही हे रोज दिसणार. असा धंदा माणसाला दोनच गोष्टी शिकवतो. एक तर कोडगेपणा, नाहीतर उत्सुकता.

भाऊंच्या बाबतीत उत्सुकता जिंकली. तिची सुरुवात त्यांच्या रोग्यांपासूनच झाली असं मला वाटतं. महारोग, ज्याला आपण आज कुष्ठरोग म्हणतो, त्यावर तेव्हा युरोपातल्या वैद्यकाकडे उपाय नव्हता. भाऊंनी विचार केला की हा रोग आपल्या देशात फार जुना आहे, तेव्हा आपल्या जुन्या वैद्यांनी त्यावर काहीतरी लिहून ठेवलंच असणार. मग ते संस्कृत वैद्यक ग्रंथांकडे वळले. आंधळ्या भक्तीने वळले नाहीत. ज्या औषधांचे चमत्कार ग्रंथात सांगितले आहेत, ती रोग्यांवर वापरून, नोंदी ठेवून तपासायची, ही त्यांची रीत. जुनं ते सोनं म्हणणारे तेव्हाही होते आणि जुनं ते सगळं टाकाऊ म्हणणारेही होते. भाऊ दोघांच्या मधल्या, कष्टाच्या रस्त्याने गेले. कडू कवठीच्या बियांच्या तेलावर त्यांचा विशेष भर होता असं सांगतात. त्याच जातीतल्या चालमोग्रा तेलाचे उपचार पुढे जगभर चालले, थेट १९४०च्या दशकात सल्फोनची औषधं येईपर्यंत.

नाडीवरून शिलालेखावर

जुने ग्रंथ वाचायला लागलं की प्रश्न पडतो, हा ग्रंथ कधीचा? लिहिणारा कोण, कुठल्या राजाच्या वेळचा? हातात आलेली पोथी मूळ की नंतर कुणी भर घातलेली? रोग्याने सांगितलेल्या हकिकतीवर डॉक्टर जसा लगेच विश्वास ठेवत नाही, स्वतः हात लावून पाहतो, तसं भाऊ इतिहासाकडे पाहू लागले. शिलालेख, ताम्रपट, जुनी नाणी. दवाखाना बंद झाला की हे दुसरं काम.

अजिंठ्याच्या लेण्यांतले लेख आधी इतरांनी उतरवून घेतलेले होते. त्या नकलांवर न विसंबता भाऊंनी ते नव्याने तपासून वाचले. जुनागडजवळ गिरनारच्या पायथ्याशी रुद्रदामन राजाचा प्रसिद्ध लेख आहे, त्याचं वाचन आणि भाषांतर त्यांनी प्रसिद्ध केलं. कालिदासाच्या काळावर निबंध लिहिला. आर्यभटाच्या ग्रंथाची हस्तलिखितं दक्षिणेतून मिळवली आणि आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य यांच्या काळाबद्दलचा निबंध १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. फोर्टमधल्या टाउन हॉलच्या त्या ऐसपैस पायऱ्या आपण सिनेमात पाहतो. तिथल्या एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेत त्यांचे एकामागून एक निबंध वाचले गेले. इंग्लंड, फ्रान्स, जर्मनी, अमेरिकेतल्या विद्वत्संस्थांनी त्यांना सभासद करून घेतलं.

आता मला सांगा, सकाळ-संध्याकाळ रोगी तपासणाऱ्या माणसाने हे केलं कसं? याचं उत्तर माझ्या मते फार महत्त्वाचं आहे. त्यांनी ते एकट्याने केलं नाही. भाऊ पदरचा पैसा खर्च करून शास्त्री-पंडितांना गावोगाव पाठवत. त्यांपैकी एक जुनागडचा तरुण, भगवानलाल इंद्रजी. लहानपणापासून गिरनारच्या शिळेवरची अक्षरं पाहत, स्वतःच्या हिमतीवर ब्राह्मी लिपी शिकलेला. इंग्रजी जेमतेम. १८६०च्या दशकाच्या सुरुवातीला भाऊंनी त्याला मुंबईला बोलावून घेतलं. पुढे दहा-बारा वर्षं हा मनुष्य भाऊंसाठी देशभर फिरला, लेख उतरवले, नाणी जमवली. मुंबईतला डॉक्टर रोगी तपासून पैसा मिळवतो, त्या पैशावर भगवानलाल डोंगर-दऱ्यांतून लेख उतरवून आणतात, आणि रात्री दिव्याच्या उजेडात दोघं मिळून ती अक्षरं लावतात. पगारदार आणि मालक असं ते नातं राहिलं नाही, गुरू-शिष्याचं झालं.

शहराचं काम

याच काळात भाऊंची सार्वजनिक कामंही चालू होती. ती सगळी सांगायला बसलो तर स्मरणिकेची पानं पुरणार नाहीत, म्हणून थोडक्यात सांगतो.

१८५२ मध्ये बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली, लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी मुंबईतली पहिली राजकीय संस्था. भाऊ तिच्या चिटणिसांपैकी एक. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी, जिने १८४९ मध्ये मुलींच्या शाळा काढल्या, तिचे ते पहिले भारतीय अध्यक्ष. मुलगी शिकली तर घर बुडेल असं म्हणणाऱ्यांचा तो काळ होता, आणि गिरगावात याच सोसायटीची मुलींची शाळा पुढे कितीतरी पिढ्या चालली. तुमच्यापैकी काही जणींच्या आज्या तिथे शिकलेल्या असतील. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं, त्याच्या पहिल्या फेलोंमध्ये भाऊ होते. सांगलीहून विष्णुदास भावे यांची नाटक मंडळी १८५३ मध्ये मुंबईला आली तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहणाऱ्यांतही ते होते.

आणि आपल्या ओळखीचं ते संग्रहालय. डॉ. जॉर्ज बर्डवूड, नाना शंकरशेट आणि भाऊ यांनी त्यासाठी खटपट केली, लोकवर्गणी जमवली. नोव्हेंबर १८६२ मध्ये पायाभरणी झाली आणि २ मे १८७२ रोजी ते लोकांसाठी खुलं झालं. मधली दहा वर्षं पैशांच्या ओढाताणीत गेली. आपल्या सोसायटीच्या कमिटीवर काम केलेल्यांना वर्गणी गोळा करणं म्हणजे काय असतं ते वेगळं सांगायला नको. तेव्हा त्याला राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या नवऱ्याचं नाव होतं. भाऊंचं नाव मिळालं ते १९७५ मध्ये, शंभरहून अधिक वर्षांनी.

साक्षीच्या पिंजऱ्यात

१८६२ साली मुंबईत एक खटला गाजला. करसनदास मुळजी नावाच्या पत्रकाराने एका धार्मिक गुरूंच्या वर्तनावर लिहिलं म्हणून त्या महाराजांनी त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. महाराजांचे अनुयायी म्हणजे शहरातले बडे शेटजी. डॉक्टरांना साक्षीला बोलावण्यात आलं, कारण महाराजांच्या आजारपणाचा प्रश्न खटल्यात आला होता. भाऊंनी कोर्टात उभं राहून जे वैद्यकीयदृष्ट्या त्यांना ठाऊक होतं ते सांगितलं. निकाल करसनदासांच्या बाजूने लागला.

रोग्याचं गुपित राखणं हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. म्हणून डॉक्टर या नात्याने मला ही साक्ष वाचताना अजूनही अवघडल्यासारखं होतं. पण कोर्टाने शपथेवर विचारलं असता खोटं बोलणं किंवा आठवत नाही म्हणणं हा दुसरा मार्ग होता, आणि तो फार सोपा होता. ज्या धनाढ्य समाजात त्यांना रोज बोलावणी येत होती, त्यातलाच मोठा भाग त्यांच्यावर नाराज होणार हे भाऊंना कळत नसेल असं नाही. धंद्याची पक्की बसलेली घडी त्यांनी त्या दिवशी पणाला लावली.

१ जुलै १८६५

अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं १८६१ मध्ये. तिथला कापूस इंग्लंडला जायचा बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात पैसा नुसता ओसंडू लागला. रोज नव्या बँका, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करण्याच्या योजना. शेअर घेतला नाही असा माणूस सापडेना. वकील, डॉक्टर, सरकारी अंमलदार सगळे त्यात. भाऊही त्यात होते.

१८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध संपलं, कापसाचा भाव कोसळला आणि १ जुलैला, वायद्यांचे हिशेब चुकते करायच्या दिवशी, सगळा डोलारा खाली आला. भाऊंची वर्षानुवर्षांची कमाई बुडाली.

मला या चरित्रातला हा भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. जाहीर मोठेपणा आणि पैसा यांच्या जोरावर उभा असलेला माणूस अशा वेळी मोडून पडतो. आपण गिरणगावात राहणारे. १९८२च्या संपानंतर पगार गेला की माणसाचं काय होतं ते आपण आपल्या चाळींतून पाहिलेलं आहे. भाऊंकडे मात्र दवाखाना होता, रोगी होते, अर्धवट लावलेले शिलालेख होते, भगवानलाल होते. पैसा गेला तरी सकाळी उठून करायचं काम शिल्लक होतं. ते करत राहिले. आणि गंमत बघा, पैसा बुडाल्यानंतरच शहराने त्यांना दोनदा मुंबईचा शेरीफ केलं, १८६९ आणि १८७१ मध्ये. संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं तेही त्यानंतरच.

अपुरं राहिलेलं

भाऊ गेले ३१ मे १८७४ रोजी. वय जेमतेम पन्नाशीचं. शेवटच्या काळात प्रकृतीने साथ सोडली होती.

सगळं गोडच सांगायचं तर ती श्रद्धांजली होईल, चरित्र नव्हे. महारोगावरचं त्यांचं काम पुरं झालं नाही. औषध पुरतं पारखून झाल्याशिवाय ते जाहीर करायचं नाही असा त्यांचा बाणा होता, त्यावरून त्यांच्यावर टीका झाली, आणि सविस्तर लिहायच्या आतच ते गेले. त्यांच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, नॉर्वेत हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला होता. म्हणजे भाऊ ज्या कुलुपाशी झटत होते त्याची किल्ली दुसरीकडे सापडायला लागली होती. मुंबईत या रोग्यांसाठी वडाळ्याचं अॅक्वर्थ हॉस्पिटल निघालं १८९० मध्ये. खात्रीने बरा करणारा अनेक औषधांचा एकत्रित उपचार आला तो १९८०च्या दशकात. माझ्या दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांत चट्टा दाखवायला आलेला माणूस दार लावून घ्यायचा. आता तो सहा महिने, फार तर वर्षभर गोळ्या घेतो आणि बरा होतो. मधली शंभर वर्षं किती डॉक्टरांनी अपुरं काम पुढच्यांच्या हातात दिलं असेल!

भाऊ वारले तेव्हा भगवानलाल त्यांच्याच कामासाठी उत्तरेकडे लांबच्या दौऱ्यावर होते. आश्रयदाता गेला, तरी काम सोडलं नाही. पुढे ते स्वतः मोठे संशोधक झाले, हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. १८८८ मध्ये ते गेले तेव्हा त्यांनी आपली हस्तलिखितं एशियाटिक सोसायटीला ठेवली, भाऊंच्या संग्रहाच्या शेजारी ठेवावीत अशा इच्छेने. भाऊंची बँकेतली शिल्लक गेली, पण ही शिल्लक राहिली.

आपल्यापुरतं

मी भाऊंबद्दल वाचलं ते दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, वयाच्या पंचेचाळिशीच्या पुढे-मागे. तेव्हा माझीही अवस्था आज माझ्याकडे तक्रार घेऊन येणाऱ्या मुलांसारखी होती. सकाळी नऊ ते एक, संध्याकाळी सहा ते दहा, सर्दी, खोकला, ताप, सर्टिफिकेट. कॉलेजचे मित्र मोठमोठ्या हॉस्पिटलांत गेलेले, आणि मी लालबागच्या एका गाळ्यात. दवाखाना बंद करून औषधकंपनीत जावं असा विचार रोज यायचा.

भाऊंच्या चरित्राने मला शिलालेख वाचायला लावलं नाही, तेवढी माझी बुद्धी नाही. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. आपल्यासमोर रोज येणाऱ्या त्याच त्या खोकल्यात आपण न पाहिलेलं काही आहे का? माझ्याकडे येणारे निम्मे म्हातारे जुने गिरणीकामगार. मी प्रत्येकाला विचारायला लागलो की कुठल्या खात्यात होतात, किती वर्षं. वहीत लिहू लागलो. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यातले लोक न विचारता एकच गोष्ट सांगायचे, की सुट्टीनंतर कामावर गेलं की पहिल्या दिवशी छाती आवळून यायची. पुस्तकात हे आहेच. कापसाच्या धुळीने होणारा बिसिनोसिस, त्याची ही खूण. मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. आता तो रोग समोरच्या स्टुलावर बसून मला माझ्याच भाषेत त्याची हकिकत सांगत होता. त्या वहीने वैद्यकशास्त्रात काही भर पडली नाही. पण ज्यांना आयुष्यभर बिडीमुळे खोकतोस म्हणून ऐकवलं गेलं, त्यांच्यापैकी काही जणांना मी सांगू शकलो की बाबा, दोष सगळा तुझा नाही, गिरणीच्या धुळीचाही आहे. त्यांचे चेहरे पाहिले आणि औषधकंपनीचा विचार मागे पडला. वह्या सात झाल्या. अजून आहेत.

म्हणून सोसायटीतल्या मुलांना माझं सांगणं एवढंच. धंद्यातला कंटाळा पुष्कळदा धंद्याचा नसतो, आपण त्यातले प्रश्न विचारायचं बंद केलेलं असतं. भाऊ दाजी डॉक्टर राहूनच विद्वान झाले, कारण त्यांनी रोग्याच्या अंगावरच्या चट्ट्यामागे जायचं ठरवलं आणि तो रस्ता थेट आर्यभटापर्यंत गेला. आपला रस्ता इतका लांब जाईलच असं नाही. बँकेत बसणाऱ्याला तो कर्ज बुडवणाऱ्या माणसाच्या घरापर्यंत नेईल, शाळेतल्या बाईंना शेवटच्या बाकावरच्या मुलापर्यंत, बेस्टच्या ड्रायव्हरला कुठल्या थांब्यावर म्हाताऱ्यांना चढताना त्रास होतो तिथपर्यंत. दुसरं म्हणजे, एक भगवानलाल शोधा. आपल्यापेक्षा लहान, आपल्याला जे जमत नाही ते जमणारा. काम दोघांत वाटलं की ते आपल्यामागेही चालतं. आणि तिसरं, सगळी पुंजी एका शेअरात घालू नका, हे तर भाऊंनी स्वतःच्या खर्चाने शिकवून ठेवलं आहे!

ज्यांचं कामात मनच लागत नाही, जेवणखाणही सुटलं आहे, झोप महिनोन् महिने नाही, त्यांनी मात्र चरित्रं वाचत बसू नये, सरळ माझ्याकडे यावं. ते दुखणं वेगळं, आणि त्यावर औषध आहे.

आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली. पाण्याची टाकी, लिफ्ट, गळती, पार्किंग, यांच्या भांडणांतून ज्यांनी ही संस्था उभी ठेवली त्या सगळ्या आजी-माजी कमिटी सभासदांना माझा मनापासून नमस्कार, आणि सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत लिहिणाऱ्या आजच्या बालवाडीतल्या मंडळींना आगाऊ शुभेच्छा. दवाखाना रविवारी बंद असतो, एवढं लक्षात असू द्या.